अण्णांची मॅच आणि गच्चीवरची छत्री

५ जून २०२४. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधली भारताची पहिली मॅच, आयर्लंडशी. रात्री आठच्या ठोक्याला अण्णा जेवण उरकून टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसले, स्टार स्पोर्ट्सचा नंबर दाबला, आणि पडद्यावर निळी पाटी आली: हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही.

"काल तर होता," अण्णा म्हणाले. काल म्हणजे त्यांच्या हिशोबाने मागची आयपीएल. मधल्या काळात केबलवाल्याने पॅक बदलला होता आणि बिल तेवढंच राहिल्यामुळे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी फोन काढून दिला. त्या वर्ल्ड कपला मोबाइलवर मॅच फुकट होती, पैसे पडत ते टीव्हीवर बघायला. पण अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. चार ओव्हर त्यांनी फोन नाकाला लावून पाहिल्या आणि परत दिला. "यात बॉलर दिसतो, बॉल नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला गाठलं. नाशिकच्या सिडकोत, आमच्या त्रिमूर्ती चौकात गाडीवरच भेटला. "स्पोर्ट्सचा पॅक टाकावा लागेल, दादा." मी म्हटलं, पॅक नको, एकच चॅनेल दे, एकोणीस रुपयांचा. "सिंगल सिस्टममध्ये येत नाही." खरं तर २०१९ पासून नियम असा आहे की गिऱ्हाइकाला सुटा चॅनेल मागता येतो. पण नियम मला माहीत होता आणि रिमोट त्याच्या हातात होता. शिवाय घरी येऊन हिशोब मांडला तर एका पॅकने भागतच नव्हतं. वर्ल्ड कप स्टारकडे, भारतात होणाऱ्या मालिका तेव्हा स्पोर्ट्स १८ कडे आणि लगेच जुलैत झिम्बाब्वे-श्रीलंकेचे दौरे सोनीकडे. टीम एकच, दुकानं तीन. अंबडच्या कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या माणसाला हे समजावून सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

"डीडीवर नाही का दाखवत? पूर्वी दाखवायचे," आई म्हणाली. केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं. तिथे भलताच जुना कार्यक्रम चालू होता. ९ तारखेची पाकिस्तानची मॅच अण्णांनी शेजारी जाऊन पाहिली, पण दुसऱ्याच्या घरात रात्री साडेअकरानंतर बसायचं त्यांना अवघडतं. ११९ मध्ये आटोपलेली आपली टीम सहा धावांनी जिंकली, आणि अण्णा शेवटच्या ओव्हरी सोडून घरी आलेले!

कोडं सुटलं ते कंपनीच्या कँटीनमध्ये. माझ्याबरोबरचा एक जण पेठ तालुक्यातला. तो सहज म्हणाला, "आमच्या गावाला तर फुकटच्या छत्रीवर दिसते मॅच. डीडी स्पोर्ट्सवर."

म्हणजे तोच चॅनेल पेठला मॅच दाखवतो आणि सिडकोत दाखवत नाही? मग मी या कोड्याच्या हात धुऊन मागे लागलो. भानगड अशी आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण, मग हक्क कुणाचेही असोत, प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावंच लागतं. तेही जाहिराती काढून. दूरदर्शन आपल्या जाहिराती लावतं आणि त्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कवाल्या कंपनीला जातात, २५ प्रसार भारतीला. पण दूरदर्शनचे चॅनेल दाखवणं केबलवाल्यांनाही सक्तीचं आहे. त्यामुळे मॅच त्या मार्गाने घरोघरी फुकट पोचायला लागली आणि कोट्यवधी मोजून हक्क घेणारे कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या डीटीएचवर, म्हणजे डीडी फ्री डिशवर (तीच ती फुकटची छत्री) दाखवायचे. खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून केबलवर मॅचच्या वेळी दुसरंच काहीतरी.

अण्णांना हे सांगितलं तर ते १९९३ च्या हीरो कपमध्ये शिरले. सेमी फायनल, ईडन गार्डन, साऊथ आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये सहा हव्यात आणि बॉल सचिनच्या हातात. ती ओव्हर त्यांना बॉल-टू-बॉल पाठ आहे. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेत जुंपली होती, आणि त्याच खटल्यात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. "मग आपली मालमत्ता आपल्याला दिसत का नाही?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या छत्री लावतो.

गच्चीवर एक छत्री होतीच. आधीच्या एका डीटीएच कंपनीची, पाच-सहा वर्षं गंजत पडलेली. एमजी रोडला जाऊन फक्त बॉक्स आणि पंधरा मीटर वायर आणली. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो, पाचशे घेईल. मी म्हटलं, मी फिटर आहे, छत्री फिरवायला माणूस कशाला? (हे वाक्य मला दिवसभर महागात पडलं.)

शनिवार, १५ जून. रात्री कॅनडाची मॅच. सकाळी दहाला पाना घेऊन वर चढलो. आधीच्या कंपनीचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, फ्री डिशचा ९३.५ ला. म्हणजे छत्री आणखी पूर्वेकडे वळवायची आणि जरा खाली झुकवायची. आमच्या गच्चीवरून सांगायचं तर पांडवलेण्याचा डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि तोंड देवळाली कॅम्पकडे. ऐकायला सोपं आहे. मागचे नट जाम झालेले. रॉकेल नव्हतं म्हणून खोबरेल तेल सोडलं, अर्धा तास थांबलो, तेव्हा कुठे हलले.

टीव्ही खाली, छत्री वर. आई टीव्हीसमोर, मी फोन स्पीकरवर ठेवून गच्चीत. बॉक्सवर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. "ऐंशी आले!" आई ओरडली. मी आनंदाने नट आवळून खाली आलो तर ते ऐंशी स्ट्रेंथचे होते. स्ट्रेंथ ही नुसती वायर जोडली तरी दिसते. खरी पट्टी क्वालिटीची, आणि ती शून्य. पुन्हा वर. मग दोन तास नुसतं "आली... आली... गेली." छत्री बोटभर हलली की गेली. शेजारच्या काकू कपडे काढायला आल्या, माझ्याकडे पाहून न बोलता परत गेल्या.

साडेतीनला क्वालिटी साठ. चॅनेल शोधायला लावले तर सगळे कुलूपबंद. भलताच उपग्रह पकडला होता. ९५ अंशावर दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह आहे, दीड अंशाच्या अंतरावर, आणि माझी छत्री त्याच्या दारात जाऊन उभी होती. दीड अंश म्हणजे काय ते तेव्हा कळलं. नट अर्धवट सैल ठेवून, छत्रीच्या कडेला नुसती टिचकी मारल्यासारखं सरकवत गेलो. पाचच्या सुमाराला खालून आईचा नाही, अण्णांचा आवाज आला. "बातम्या लागल्या!"

संध्याकाळी सातपासून अण्णा डीडी स्पोर्ट्स लावून बसले. आणि फ्लोरिडात मैदान ओलं. एकही बॉल न पडता मॅच रद्द. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी छत्री अमेरिकेत पाहिजे होती."

त्यानंतरच्या मॅच मात्र लागल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध रोहितच्या ९२ धावा अण्णांनी स्वतःच्या खुर्चीत बसून पाहिल्या. २७ तारखेच्या सेमी फायनलला गयानात पाऊस आणि सिडकोतही पाऊस. तिकडे थांबला की इकडे जोर, चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. जोराच्या पावसात हे होतंच, त्यावर इलाज नाही. रात्री दीडनंतर निकाल लागला तेव्हा अण्णा जागे आणि मी सोफ्यावर झोपलेलो.

फायनल शनिवारी, २९ ला. शेवटची ओव्हर, समोर पुन्हा साऊथ आफ्रिकाच, सोळा हव्यात. हार्दिकचा पहिला बॉल, मिलरने उचलला, सूर्यकुमार सीमारेषेवर आत-बाहेर-आत. अण्णा ओरडले. बाहेर गल्ली गप्प. मला वाटलं, कॅच सुटला की काय, कुणीच कसं ओरडलं नाही? तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधून, मग मागच्या गल्लीतून, मग पवननगरच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. सगळे मोबाइलवर बघत होते, त्यांच्याकडे बॉल उशिरा पोचत होता. पुढच्या प्रत्येक बॉलला तसंच. अण्णा आधी, सिडको नंतर. शेवटी शेवटी समोरचा पोरगा गॅलरीत येऊन आमच्या खिडकीकडेच बघायला लागला.

आयपीएल डीडी स्पोर्ट्सवर येत नाही. ती राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नाही, क्लबांची स्पर्धा आहे. त्यावर अण्णांची तक्रार नाही, ते रात्री दहाला स्कोअर विचारतात आणि झोपतात. प्रो कबड्डीचं मात्र दुःख आहे. ते तरुणपणी स्वतः डाव्या कोपऱ्यात खेळायचे. सीझन सुरू झाला की रोज एकदा डीडी स्पोर्ट्स लावून बघतात, आणि मला हाक मारतात, "अरे, छत्री जरा हलव बरं."