सावली घराजवळ हवी

इंदूरने १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर चोवीस तासांत १२ लाखांहून जास्त रोपं लावली आणि गिनीज बुकात नाव गेलं. मला त्याचा अभिमान आहे. पण रेवती रेंज पडली शहराच्या टोकाला. परदेशीपुऱ्यात, पाटनीपुऱ्यात मे महिन्यात पत्र्याखाली जी माणसं भाजून निघतात, त्यांना तिथल्या सावलीचा काय उपयोग? आमच्या मिल भागात झाड हवं ते दारात, नळाजवळ, भाजीच्या ठेल्यामागे.

आणि इथे जंगल आहे! हुकुमचंद कापड मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगार आपल्या हक्काच्या पैशांसाठी तीस वर्षं भांडले. सुमारे २२४ कोटी रुपये मंजूर होऊन चेक हातात पडला तो २५ डिसेंबर २०२३ ला. कित्येक जण तोवर गेलेच होते. एवढ्या वर्षांत मिलच्या ४२ एकरांत कुणी एक रोप न लावता रान माजलं. आता ती जमीन हाउसिंग बोर्डाकडे आहे आणि झाडं वाचवा म्हणून इंदूरकर रस्त्यावर उतरलेत. मीही त्यांच्यातली. ज्या घरांतल्या माणसांनी कापसाची धूळ छातीत भरून घेतली, त्यांच्या नातवंडांना तिथली हवा मिळायलाच हवी. नवी रोपं कितीही लावा, तीस वर्षांचं झाड नर्सरीत मिळत नाही.

गल्लीत आम्ही करतोय ते काम छोटं आहे. कोपऱ्यावरचा मलबा उचलून तिथे करंज आणि कडुनिंब लावलेत. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. कोवळी मुळं तिथेच उघडी पडून सुकतात. म्हणून बुंध्याभोवती वीतभर पालापाचोळा घालायचा. शेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात. मडकं एकदा भरलं की पाणी मुळाशी झिरपत राहतं आणि वरची माती कोरडीच दिसते. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात, तेही नळाला एक दिवसाआड. त्यातलं पिण्याचं पाणी झाडाला घाला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? समोरच्या काकूंनीच तोड काढली. “अगं, तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत का ओततेस? करंजाला घाल की.” आता गल्लीतली निम्मी घरं भाजी-तांदळाचं पाणी बादलीत साठवतात.

पालिकेने आमच्याकडे जाळ्या आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक टँकर दिला, तर असे कितीतरी कोपरे उभे राहतील. झाड लावायला सगळे येतात, फोटोही निघतात; दुसऱ्या एप्रिलला पाणी घालणारा माणूस लागतो.

या पावसाळ्यात शाळेच्या भिंतीलगत जांभूळ आणि खिरणी लावायचं ठरलंय. रोपं सांगून ठेवलीत, मडकी कुंभाराकडून येतील. दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, ती यादी मात्र अजून अर्धीच भरलीय. मिल भागात राहत असाल तर आपला वार सांगा, नाव लिहून घेते.