दोर हातात असताना तान कुठून येणार?

आमच्या नव्या संगीत नाटकात रापणीचा, म्हणजे समुद्रातलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोराने ओढून घेण्याचा, प्रवेश आहे. 'नायक दोर ओढतो आणि गातो', एवढंच संहितेत लिहिलेलं. अंगाची भाषा बसवायचं काम माझ्याकडे. तालीम फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात. मास्टर दीनानाथांची मंगेशी तिथून जवळच. अशा मुलखात गाण्याला कात्री लावायची म्हणजे छातीच हवी.

नायकाचं काम करणारा पोरगा नाट्यगीतात तयार. पण पेटीचा सूर कानावर पडला की पाय खिळायचे, मान वर जायची आणि उजवा हात मात्रा मोजायला लागायचा. रापणकार गायब, गवई हजर! सांगून सांगून दमलो. शेवटी काथ्याचा जाड दोर आणला, दुसरं टोक कोरसमधल्या चौघांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ढिला सोडू नका रे."

त्याने टाच रोवली, कंबर मागे टाकली, जोर लावला. सूर बंद, चेहरा लाल. जड ओढताना माणूस श्वास कोंडतो, गळ्यातले स्वरतंतू घट्ट मिटतात. आवाज निघणार कसा? इतके दिवस दोर नाटकी होता, म्हणून तान निघत होती.

पेटीवाले काका म्हणाले, "दोर काढ, तान राहू दे."

"काका, मग रापण तरी कशाला ठेवायची?"

बाणावलीच्या किनाऱ्यावर पाहिलेली रापण आठवली. माणसं सलग ओढत नाहीत. एक हिसका, मग वजन टाचांवर टाकून क्षणभर सैल. केरवा तालाच्या आठ मात्रा तशाच वाटल्या. पहिल्या चारांत ओळ, अंग सैल. पाचवीला, म्हणजे 'खाली' म्हणतात त्या बिनटाळीच्या मात्रेला, ओढ आणि कोरसचा 'हो'. तबलजीला हे माझ्या आधी कळलं. त्याने खालीनंतरचे बोल असे दाबले की ओढ ऐकूच येऊ लागली. हिसका संपला की छाती आपोआप भरायची आणि पुढची ओळ त्या श्वासावर यायची. जरा फाटकी यायची, पण मला ती तशीच हवी होती. मात्रा मोजायला हात मोकळा नव्हताच; ताल पाठीत उतरला. छातीवरचा माइक दोराला घासून खरखरायला लागला, तो गालावर नेला.

तान मात्र गेली. काका त्यावरून अजून भांडतात. पहिल्या प्रयोगाला तर त्यांनी दोन ओळींच्या मध्ये ती पेटीवर वाजवून टाकली आणि वर टाळी घेतली.