आधी अंतर, मग काच, मग लेन्स

पहिल्यांदा समुद्रात कॅमेरा नेला तेव्हा मी लेन्स निवडलीच नव्हती. बारा महिने कॅमेऱ्याला लावलेली असते तीच १८-५५ मिमीची झूम हाउसिंगमध्ये (कॅमेऱ्याच्या जलरोधक डब्यात) बसवली, सोबत आलेला सपाट काचेचा पोर्ट (लेन्ससमोरची खिडकी) लावला आणि उतरले. तीन मीटरवर कासव दिसलं. त्याला बिचकवायचं नव्हतं, म्हणून जागेवरूनच झूम करून भराभर फोटो काढले. वर येऊन पाहिलं तर सगळ्या फोटोंत निळसर धुकं आणि त्यात कासवाचा आकार. कवचावरची नक्षी नाही, डोळा नाही.

आमच्या डायव्हिंगच्या सरांनी फोटो पाहून एवढंच म्हटलं, "झूमनं कासव मोठं झालं गं, पण मधलं पाणी तिथंच राहिलं ना!"

हे वाक्य पुढचे कित्येक महिने माझ्या डोक्यात होतं. मी पक्ष्यांचे फोटो काढत मोठी झाले. लांबचं जवळ आणायचं ते लेन्सनं, ही सवय हाडीमाशी भिनलेली. पाण्यात हिशेब उलटा आहे. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं. फ्लॅशचा उजेड माशापर्यंत जाताना आणि कॅमेऱ्याकडे परतताना, दोन्ही वेळा पाण्यातूनच प्रवास करतो. त्यामुळे खरे रंग हवे असतील तर जेमतेम मीटर-दीड मीटरच्या आत काम करावं लागतं. म्हणजे लेन्स निवडताना प्रश्न विचारायचा तो असा: मला जे टिपायचंय ते एका मीटरवरून चौकटीत मावेल का?

माझ्या लेन्सच्या चौकटीत ते मावत नव्हतं, आणि त्याला कारण होता तो सपाट पोर्ट. पाण्याच्या भांड्यात नाणं टाकलं की ते वर उचलल्यासारखं दिसतं, हा शाळेतला प्रयोग. इथे तेच घडतं. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३, म्हणून सपाट काचेमागून सगळं तेवढ्या पटीनं मोठं दिसतं आणि १८ मिमीची लेन्स २४ मिमीसारखी वागते. शिवाय कडेकडून तिरपे येणारे किरण जास्त वाकतात, आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. माझ्या फोटोंच्या कोपऱ्यांत दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या किनारी तिथूनच आल्या होत्या. मी उगाच लेन्सला दोष देत होते.

मग डोम पोर्ट घेतला. घुमटासारखी काच लावली की लेन्सचा मूळचा कोन परत मिळतो, हे खरं. पण तो घुमट पाण्यात गेला की स्वतःच एक लेन्स होतो, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. लांबची वस्तूही कॅमेऱ्याला घुमटाच्या अगदी पुढ्यात दिसते. ही आभासी प्रतिमा काचेपासून घुमटाच्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर तयार होते. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर समोरचा अख्खा समुद्र त्या ३० सेंटिमीटरांत येऊन बसतो. घुमट लहान केला की हे अंतर आणखी कमी. म्हणून लेन्सच्या माहितीत मी आता सगळ्यात आधी ती किती जवळ फोकस करते ते पाहते. जी लेन्स जवळचं धरू शकत नाही ती लहान डोमच्या मागे निरुपयोगी, मग ती जमिनीवर कितीही नावाजलेली असो.

लेन्स विकत घेण्याआधी दोन वाइड (रुंद कोनाच्या) लेन्स मागून आणल्या आणि पोहण्याच्या तलावात एक सकाळ घालवली. एक सरळ रेषा सरळ ठेवणारी १०-१८, दुसरी १०-१७ची फिशआय, म्हणजे रेषा वाकवून १८० अंशांपर्यंतचं दृश्य घेणारी. तळाला बसून समोरच्या भिंतीच्या फरशा टिपल्या. एफ ४ पासून एफ १६ पर्यंत (एफचा आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र लहान होतं) प्रत्येक अॅपर्चरला एक फोटो. ही चाचणी मी प्रत्येकाला आग्रहानं सांगते. फरशा खोटं बोलत नाहीत. पहिल्या लेन्सचे कोपरे एफ ४ला अक्षरशः वितळलेले होते, एफ ११ला बरे झाले. डोम आणि हाउसिंगच्या मधली एक्स्टेन्शन रिंग बदलून लेन्स थोडी मागेपुढे केली तर आणखी सुधारले, कारण लेन्सचा प्रकाश आत घेणारा बिंदू घुमटाच्या केंद्राशी जुळावा लागतो. फिशआयला मात्र एफ ८लाच कोपरे स्वच्छ. घुमटातून दिसणारी प्रतिमा मुळातच वक्र असते आणि ही वक्रता फिशआयला मानवते. फरशांच्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या, पण प्रवाळात सरळ रेषा असते कुठे? बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठ्या टिपायच्या असतील तरच मी १०-१८ लावीन.

सरांकडे जुना नायकोनॉस कॅमेरा आहे, १५ मिमीच्या लेन्ससह. १९६३ साली आलेल्या या कॅमेऱ्यांना हाउसिंग लागतच नव्हतं. ती १५ मिमीची लेन्स पाणी थेट काचेला टेकेल असं धरूनच घडवलेली, त्यामुळे हवेत ती निकामी. तिनं काढलेल्या स्लाइड्सचे कोपरे पाहिले आणि हेवा वाटला. २००१ मध्ये नायकोनॉसचं उत्पादन थांबलं.

मॅक्रोचा, म्हणजे अगदी लहान जीव जवळून टिपणाऱ्या लेन्सचा, निर्णय लवकर झाला. इथे सपाट पोर्टच चांगला. त्याचं मोठं करून दाखवणं उपयोगाचं ठरतं. ६० की १०५ मिमी, एवढाच प्रश्न. बिळाच्या तोंडाशी बसणारे लाजाळू मासे टिपायचे तर १०५ लागते, कारण लांबून काम होतं. पण लांबून म्हणजे पुन्हा मधलं पाणी आलं, आणि मी ज्या पाण्यात उतरते ते बहुतेकदा गढूळ असतं. समुद्री गोगलगाय काही पळून जात नाही. मी ६० घेतली.

व्हिडिओसाठी फिशआय मला पटली नाही. कॅमेरा वळवला की चौकटीच्या कडा लाटेसारख्या हलतात आणि बघणाऱ्याला गरगरतं. व्हिडिओ मी छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर करते, त्यावर वेट लेन्स आहे. ही हाउसिंगच्या बाहेर, पाण्यातच लावायची. नॉटिकॅम कंपनीची डब्ल्यूडब्ल्यूएल-१ ही वेट लेन्स फुलफ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मापात २८ मिमीच्या लेन्सला १३० अंशांचा कोन देते, आणि झूम करून तोच शॉट आवळताही येतो. पहिल्याच दिवशी एक चूक झाली. दोन काचांच्या मध्ये हवा अडकली होती आणि वीस मिनिटांच्या चित्रणात वरच्या बाजूला एक चंद्रकोर आली. आता खाली पोचले की आधी ती लेन्स काढते, बोटानं बुडबुडे पुसते, परत लावते. मग पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स घेते (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याचे रंग जुळवते), आणि खोली बदलली की पुन्हा घेते.

फिशआय लावून पुन्हा कासवापाशी गेले तेव्हा त्याच्या मागे गेले नाही. ते शेवाळ खात होतं तिथून थोडं बाजूला, वाळूवर गुडघे टेकून थांबले. खात खात ते आपणच पुढे सरकलं, हातभर अंतरावर आलं. सगळं कासव चौकटीत मावलं, मागे प्रवाळ आणि वर उजळ पाणी. कवचावरचे ओरखडे, पापणीच्या सुरकुत्या, तोंडातला शेवाळाचा हिरवा तुकडा, सगळं आलं. दोन्ही कोपऱ्यांत माझे फ्लॅशही आले. १८० अंशांत तेही मावतात, त्यामुळे फ्लॅश धरणारे दांडे आता मी हँडलच्या मागे ओढून घेते.