हापशावरची पाळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे, असे पत्र शाळेकडून आले, तेव्हा सर्वप्रथम आठवला तो मैदानाकडेचा हापसा. नववीत असताना कुंपणालगतच्या कडुनिंबाच्या रोपांना पाणी घालण्यासाठी वर्गशिक्षकांनी चौघाचौघांचे गट पाडले होते. आमच्या वाट्याला आलेल्या रांगेला मी महिनाभर एकही बादली घातली नाही. रोपे तरीही जगली, कारण उरलेले तिघे माझ्या वाटचेही पाणी घालत होते. अखेर गटातली एक मुलगी लेझीमचा सराव बुडवून तीन दिवस हापशापाशी उभी राहिली आणि तिने माझ्याकडून बादल्या भरून घेतल्या. त्यापायी पथकातली तिची जागा गेली. स्वतःच्या पदरात काहीही पडणार नसताना तिने हे का केले, हे मला तेव्हा उमगले नाही.

हाच प्रश्न पुढे एम. ए. झाल्यावर अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर यांच्या शोधनिबंधात मला पुन्हा भेटला. मी गेली २२ वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे या एका संशोधकाच्या कामाचा माग काढण्यात गेली आहेत. फेर यांचा जन्म १९५६ साली ऑस्ट्रियातील हार्ड या गावी झाला. शिक्षण व्हिएन्नात झाले आणि १९९४ पासून ते झ्युरिक विद्यापीठात आहेत. त्यांची सुरुवात मजुरीच्या प्रश्नापासून झाली. १९९३ साली दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 'मालक' झालेल्यांनी गरजेपेक्षा जास्त वेतन देऊ केले आणि कोणतेही बंधन नसताना 'कामगारांनी' जास्त कष्ट करून त्याची परतफेड केली. १९९९ साली क्लाउस श्मिट यांच्यासह त्यांनी न्याय्यतेचे जे गणिती प्रारूप मांडले, त्याचा गाभा मराठीत दोन शब्दांत सांगता येतो: दुसऱ्यापेक्षा कमी मिळाल्याचा सल आणि दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाल्याची रुखरुख. त्या एकाच निबंधाचा आधार दहा हजारांहून अधिक लेखनांत घेतला गेला आहे.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो सायमन गॅश्टर यांच्यासह केलेला आणि २००२ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला प्रयोग. त्यात २४० विद्यार्थी होते. चौघांच्या गटात प्रत्येकाला २० एकक रक्कम दिली जाई आणि सामाईक निधीत टाकलेल्या दर एककामागे चौघांनाही ०.४ एकक मिळे. चौघांनी सगळी रक्कम टाकली, तर प्रत्येकाच्या हाती ३२ येत; पण तिघे भरत असताना एकाने हात आखडता घेतला, तर त्याला ४४ आणि बाकीच्यांना २४ मिळत. मग दंडाची सोय ठेवली: स्वतःचे १ एकक खर्चून दुसऱ्याचे ३ कापता येत. दर फेरीला गट बदलत असल्यामुळे दंड केलेल्या माणसाशी पुन्हा गाठ पडणार नव्हती, म्हणजे पुढच्या लाभाची आशा नव्हती. तरीही ८४ टक्क्यांहून अधिक जणांनी निदान एकदा पदरमोड करून दंड केला. दंडाची सोय असताना निधीतला भरणा वाढत गेला, नसताना तो घसरत गेला. हे आकडे प्रथम वाचले, त्या रात्री मला लेझीमची ती रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसत होती.

उद्धरणांची, म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात निबंधाचा आधार घेतल्याच्या उल्लेखांची, संख्या म्हणजे निव्वळ वाहवा, असे पुष्कळांना वाटते. ते मला मान्य नाही. झ्युरिकला फेर यांच्यासोबत काम केलेल्या उर्स फिशबाखर यांनी असे प्रयोग संगणकांवर घेण्यासाठी 'झेड-ट्री' ही प्रणाली तयार केली. वापरणाऱ्याने तिचा उल्लेख करावा, ही तिची अट असल्याने तिच्यावरचा २००७ सालचा निबंध या शाखेतील सर्वाधिक उद्धृत लेखनांपैकी एक ठरला. पण त्यातल्या प्रत्येक उल्लेखामागे कुठेतरी प्रत्यक्ष झालेला एक प्रयोग आहे. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा फवारा नाकात मारल्यावर परक्यावरचा विश्वास वाढतो, असे सांगणाऱ्या २००५ सालच्या निबंधातही फेर सहलेखक होते. त्याची उद्धरणेही हजारांत मोजली जातात आणि त्यांत तो परिणाम पुन्हा हाती न लागल्याचे नोंदवणारेही आहेत. २००८ साली गॅश्टर आणि सहकाऱ्यांनी दंडाचा प्रयोग १६ शहरांत नेला, तेव्हा मस्कत आणि अथेन्ससारख्या ठिकाणी भरपूर भरणाऱ्यांनाही दंड होताना दिसला. मूळ निबंधाचे मोल अशा उद्धरणांनी कमी होत नाही, उलट त्याला धार येते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

फेर यांचा एक निबंध भारताविषयीचा आहे. कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि फेर यांचा हा २०११ सालचा निबंध उत्तर प्रदेशातील गावांमधल्या प्रयोगांवर आधारलेला आहे. आपल्याच जातीच्या माणसाला फसवले गेले, तरी फसवणाऱ्याला पदरमोड करून दंड करण्याची तयारी उतरंडीच्या तळाशी ठेवलेल्या जातींमधील लोकांत बरीच कमी आढळली. संपत्ती, शिक्षण आणि राजकीय अनुभव हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. तो वाचला आणि आमच्या गटातला चौथा मुलगा आठवला. गावाबाहेरच्या वस्तीवरून तो चालत शाळेत येई. माझ्या वाटच्या सर्वांत जास्त बादल्या त्यानेच वाहिल्या होत्या, आणि महिनाभरात तो मला एका शब्दानेही काही बोलला नव्हता.