तीसचा मोह

आजचा अख्खा रविवार स्टॉपवॉच हातात धरून गेला. लेकीची टीम फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत आहे, 2024-25 च्या हंगामाचा खेळ 'इंटू द डीप'. खेळाच्या शेवटी रोबोनं दांडीला लटकायचं असतं, आणि पोरांचा जीव अडकलाय तिसऱ्या, म्हणजे सर्वात वरच्या पातळीच्या लटकण्यात, कारण त्याला 30 गुण! गेले तीन आठवडे त्यातच गेले. आज सात वेळा करून बघितलं, रोबो वर राहिला फक्त एकदा.

मग म्हटलं, बाळांनो, जरा वहीवर मांडूया. रोबोनं नग, म्हणजे ठोकळे, उचलून टोपलीत टाकायचे. वरची टोपली 43 इंचांवर, एका नगाला 8 गुण. आपल्याला एका नगाच्या एका फेरीला वीस सेकंद लागतात आणि निम्मे नग बाहेर सांडतात. म्हणजे ड्रायव्हरच्या हातातल्या दोन मिनिटांत सहा फेऱ्या, हाती 24. खालच्या टोपलीला 4च गुण, पण फेरी बारा सेकंदांची आणि दहातले नऊ आत. हाती 36.

"पण काका, खालची टोपली म्हणजे लहान मुलांचं काम," इति रोबो चालवणारा आमचा ड्रायव्हर. वय वर्षं चौदा!

आणि सुरुवातीच्या 30 सेकंदांत, रोबो आपला आपण चालतो तेव्हा, टाकलेला नग टोपलीत राहिला, तर शेवटी पुन्हा मोजला जातो. नियमपुस्तिकेत लिहिलंय, पण वाचतंय कोण?

शेवटी तह झाला. खालची टोपली, आणि शेवटी दुसऱ्या पातळीचं लटकणं, 15 गुणांचं. तिसऱ्या पातळीचे हुक काढून खोक्यात ठेवले. ड्रायव्हरसाहेब अजून माझ्याशी बोलत नाहीयेत. वडापाव मात्र दोन खाल्ले.