लाट दम खाऊन येत होती

त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. चौघांपैकी तिघांच्या गरीला मासे लागले, एकाला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तांबोशी मिळाली, आणि परतताना सगळ्यांनी माझ्या नियोजनाचं तोंड भरून कौतुक केलं. ते कौतुक मला अजून पचलेलं नाही. फेरी मी चुकीच्या वेळी आवरली होती, हे त्यांच्यापैकी कोणालाच कळलं नाही.

मी हौशी लोकांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, नेतो. कधी खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी, कधी उघड्या कातळावर तांबोशी आणि हेकरूसाठी. लोकांना वाटतं, माझं काम म्हणजे गळ बांधून देणं आणि आमिष लावून देणं. खरं काम आदल्या पंधरवड्यात कागदावर होतं.

गिऱ्हाइकाला रविवार हवा असतो, समुद्र चालतो तिथीवर. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी नऊला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी नऊला पाणी काठोकाठ. मग माझ्या कातळाला सोयीचा रविवार एकाआड एक येतो, आणि त्यातलेही काही वाऱ्यामुळे जातात. "पुढच्या रविवारी येऊ, काय फरक पडतो?" असं फोनवर म्हणणाऱ्या माणसाला हे सांगताना माझी अर्धी संध्याकाळ जाते.

तिथीवरून वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अष्टमीला सहा. कागद-पेन्सिलीशिवाय होणारा हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतो. नेमक्या वेळेसाठी मी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं वापरतो. पण ती मोठ्या बंदरांची असतात. माझ्या कातळाचा फरक मी स्वतः मोजला आहे. तीन हंगाम कातळावर रंगाच्या खुणा करून, घड्याळ लावून, वहीत लिहून. त्या वहीचा मला अभिमान आहे.

चंद्राबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. पौर्णिमेला मासा जास्त लागतो का? १९२६ साली जॉन अल्डन नाइट नावाच्या अमेरिकन माणसाने चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासा कधी खाईल याचा सिद्धांत मांडला, आणि आजची ॲप त्याच धर्तीवर दिवसाला चार तारे, पाच तारे देतात. लोक ते तारे बघून सुट्टी टाकतात. माझ्या अनुभवात चंद्र माशाशी पाण्यामार्फत बोलतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ एवढी असते की खाडीत शिसं तळाला टिकत नाही आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, पाणी निवळ, पण मेल्यासारखं, मासा हलत नाही. भांग सरून पाणी पुन्हा वाढायला लागतं ते दोन-तीन दिवस मला खाडीसाठी आवडतात. कातळावर मात्र उधाण उतरतं तेव्हाची ओहोटी, कारण तेव्हा एरवी पाण्याखाली असणारी कातळाची जीभ उघडी पडते आणि तिच्या टोकावरून खोल पाण्यात गळ टाकता येतो.

मे महिन्याच्या मध्यावरचा तो रविवार म्हणजे कृष्ण चतुर्थी. ओहोटी सकाळी नऊला, कोष्टकाप्रमाणे पाणी ०.४ मीटर. भरती तीनला, २.४ मीटर. फरक दोन मीटर.

आता त्या जिभेवर जायला एक घळ ओलांडावी लागते. घळीचा तळ माझ्या खुणेप्रमाणे १.२ मीटरवर आहे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. म्हणजे अकराला ०.९, बाराला १.४, आणि साडेअकराच्या सुमारास घळीत पाणी शिरायला सुरुवात. मी पावणेअकराला सगळ्यांना परत आणायचं ठरवलं. पाऊण तास राखीव. शिवाय मेमध्ये समुद्राकडून येणारा खारा वारा दुपारी जोर धरतो, त्याच्या आधी आम्ही कधीच बाहेर. कागदावर ही फेरी मला इतकी चोख वाटली होती की आदल्या दिवशी मी ती वहीत दोनदा वाचली.

शनिवारी रात्री आठ वाजता मी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज बघितला. वारा नगण्य. लाटेची उंची १.१ मीटर. त्याच्या शेजारच्या रकान्यात लाटेचा कालावधी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ, १७ सेकंद. दिशा दक्षिण-नैऋत्य.

तो १७ चा आकडा मी वाचला होता. हे मला मान्य करायलाच हवं. माझ्या डोळ्यांनी तो बघितला आणि डोक्याने उंचीचा आकडा घेऊन पुढे गेलं.

आपल्याकडच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सात सेकंदांची असते. सतरा सेकंदांची लाट इथली नसते. ती दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या खूप खाली, एखाद्या वादळात जन्मलेली असते आणि दिवसाला साधारण अकराशे किलोमीटर चालत, पाच-सहा दिवसांनी आपल्या काठाला लागते. इथे आभाळ स्वच्छ, वारा शून्य. केरळात अशा समुद्राला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. खोल पाण्यात अशा दोन लाटांच्या माथ्यांमध्ये साडेचारशे मीटर अंतर असतं, त्यामुळे होडीतल्या माणसाला ती जाणवतही नाही. पण तिची ताकद खोलवर गेलेली असते. काठाशी तळ लागला की ती उभी राहते, आणि १.१ मीटरची लाट दुपटीच्या आसपास होऊन फुटू शकते. हे सगळं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मी हेच एका नव्या मुलाला वाळूवर रेघा काढून शिकवलं होतं.

सकाळी साडेसातला आम्ही जिभेवर पोचलो. समुद्र तेलासारखा. मतलई वाऱ्याची शेवटची झुळूक जमिनीकडून येत होती. चौघेही खूश. मीही.

घळीच्या तोंडाशी एक काका पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होते. वय सत्तरीच्या पुढचं असेल. मी त्यांना नेहमी बघतो, नमस्कारापलीकडे ओळख नाही. ओहोटी पूर्ण होईपर्यंत ते बोय माशांसाठी थांबतात आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासाने जातात. त्या दिवशी नऊ वाजण्याआधीच त्यांनी पाग खांद्यावर टाकला.

"काका, आज लवकर?"

"पाणी बरं नाय आज. लाट दम खाऊन येतेय."

एवढंच बोलून ते वर चढून गेले.

मी समुद्राकडे बघत उभा राहिलो. दहा मिनिटं काहीच नाही. मग सहा-सात लाटांचा एक घोळका आला. फुटण्याचा आवाज वेगळा होता, जड, आणि पाणी परत ओढलं जायला फार वेळ लागत होता. मी घड्याळ लावलं. एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत १६ सेकंद. पुन्हा, १७. खाली कालवांचा पट्टा, जो ०.४ च्या पाण्याला सुका पडायला हवा, तो प्रत्येक लाटेला बुडत होता. मग पुन्हा दहा मिनिटं तेलासारखा समुद्र. कोष्टक पाण्याची सरासरी पातळी सांगतं. त्या पातळीवर काय स्वार होऊन येणार, हे त्यात नसतं.

तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या क्षणी मी "उठा, आवरा" म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं नाही. चौघांतला एक जण तिसऱ्या प्रयत्नात आला होता. आधीच्या दोन फेऱ्या मी वाऱ्यामुळे आदल्या संध्याकाळी रद्द केल्या होत्या, दोन्ही वेळा त्याने काही न बोलता ऐकून घेतलं होतं. पाणी नुकतंच फिरलं होतं आणि फिरत्या पाण्याला तांबोशी खाते, हे मीच त्याला सांगितलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, वीस मिनिटं. दहाच्या आत निघू. माझ्यासारखंच काम करणारा एक जण आहे, तो आलेली प्रत्येक फेरी घेतो, अंदाज बघतच नाही, आणि मी त्याला चारचौघांत नावं ठेवतो. अंदाज बघून, आकडा वाचून, काकांचं ऐकून आणि घड्याळ लावूनही थांबणारा माणूस त्याच्यापेक्षा बरा कसा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नऊ पंचेचाळीसला त्याच्या गरीला ओढ लागली. तंगूस, म्हणजे गळाचा दोर, कातळावर घासत होता, रीलचा आवाज येत होता, बाकीचे ओरडत होते. तांबोशी लागली की कपारीत शिरायला बघते, तिला सैल दिलं की संपलं. तो नीट खेळला. मासा वर आला तेव्हा दहा वाजायला तीन मिनिटं होती. मी बाकीच्या तिघांना आधीच सामान बांधायला लावलं होतं. ते घळ ओलांडून गेले, घोटाभरही पाणी नव्हतं.

आम्ही दोघं घळीच्या काठाशी पोचलो आणि घोळका आला.

मी त्याचा दंड धरला आणि वरच्या कातळाकडे मागे खेचलं. घळीत पाणी समोरून आलं नाही, बाजूच्या फटीतून वर उसळलं आणि बघता बघता माझ्या कमरेच्या उंचीएवढं भरलं. कोष्टकाप्रमाणे तेव्हा समुद्र ०.६ मीटरच्याही खाली होता, घळीचा तळ त्याच्या वर दोन फूट. मग सगळं पाणी एकदम बाहेर ओढलं गेलं. त्या ओढीत माणूस उभा राहू शकला नसता, आणि बाहेर कालवांची धार होती. मी मोजत होतो. सात लाटा. दोन मिनिटांत संपल्या. नंतर समुद्र असा झाला, जणू काही घडलंच नव्हतं. मी म्हटलं, "आता. थांबायचं नाही, मागे बघायचं नाही." आम्ही पार झालो. त्याच्या हातात मासा होता. पलीकडून बाकीचे मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

"दादा, काय टायमिंग आहे तुमचं," असं त्यातला एक जण म्हणाला. मनापासून म्हणाला.

मी काही बोललो नाही, हे आणखी एक. गाडीत बोलता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या तांबोशीवाल्याला फोन केला. त्याला सगळं सांगितलं: आकडा, काका, नऊ वीस, माझी वीस मिनिटं. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण झालं काहीच नाही ना दादा. आणि तुम्ही होतात म्हणूनच आलो ना बाहेर." मी सांगायचा प्रयत्न केला की आम्ही त्या क्षणी घळीच्या काठावर होतो, तळाशी नव्हतो, हा पाच पावलांचा फरक मी ठरवलेला नव्हता. त्याला पटलं नसावं. पावसाळा सरला की ऑक्टोबरात पुन्हा तीच जागा हवी, असं त्याने फोन ठेवण्याआधी सांगितलं. मी अजून तारीख दिलेली नाही.

वहीत आता उंचीच्या आधी कालावधीचा रकाना आहे. बारा सेकंदांच्या वर आकडा असेल तर जिभेवर जायचं नाही, मग उंची अर्धा मीटर का असेना. बारा कुठून आणला, तर मागच्या दोन हंगामांच्या फेऱ्या आणि त्या वेळचे अंदाज मी बसून जुळवले. दोन फेऱ्या अशा सापडल्या ज्यात कालावधी १४ होता आणि मी लोकांना घेऊन गेलो होतो. दोन्हींच्या पुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, "उत्तम दिवस."

काकांना मी आठवड्याने घळीपाशीच गाठलं. विचारलं, तुम्हाला लाट बघून कळलं का? ते म्हणाले, बघायच्या आधीच कळलं होतं, नुसती खात्री करायला आलो होतो. "रात्री गाज ऐकली नाय? तुटक येत होती. एक गाज, मग किती वेळ काय नाय, मग दुसरी."

माझं घर समुद्रापासून त्यांच्या घराइतकंच जवळ आहे. त्या रात्री मी डासांमुळे खिडकी लावून, पंखा चालू ठेवून झोपलो होतो.