पाटी बाजूला ठेवून गोळा हातात दिला: माझा अनुभव

साडेचार वर्षांचा झाला तरी आमच्या मुलाला शर्टाचं बटण लागत नव्हतं. पेन्सिल ताकाच्या रवीसारखी मुठीत आवळायचा, आणि दोन ओळी गिरवल्या की हात दुखतो म्हणून रडायचा. बालवर्गातल्या बाई म्हणाल्या, सराव कमी पडतोय, रोज दोन पानं गिरवून घ्या. मला काही ते पटलं नाही. डब्याचं झाकण ज्याला उघडत नाही, त्याच्याकडून पानं कसली गिरवून घ्यायची?

अमळनेरच्या आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. बाकी सगळं व्यवस्थित आहे, पण एकदा जळगावला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (मुलांना हाताची रोजची कामं जमावीत म्हणून खेळ-व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे) दाखवून या, म्हणाले. तिथल्या मॅडमनी कागद-पेन्सिल काढलीच नाही. क्लेचा एक गोळा त्याच्यापुढे ठेवला आणि यातून चिमटीने वाटाण्याएवढे तुकडे तोड, असं सांगितलं. हा पठ्ठ्या अख्ख्या पंजाने गोळा दाबत बसला. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेलाच. मॅडम म्हणाल्या, आधी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही तीन कामाला लागू द्या, अक्षर नंतर बघू.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेच्या रूपात असतात आणि एकेक करत टणक होतात. शेवटचं हाड तयार व्हायला साधारण नऊ ते बारावं वर्ष उजाडतं. आणि आपण चौथ्या वर्षी दोन रेघांत अक्षर बसवायला निघतो!

घरी सुरुवात पोळीच्या कणकेनेच केली, पण ती लवकर सोडली. ताणली की परत आकसते, साप वळला तर बघता बघता आखूड होतो आणि पोरगं वैतागतं. शिवाय आमच्याकडच्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तिला आंबूस वास सुटतो. मग शिजवलेल्या पिठावर आले. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि लिंबाचा थोडा रस. सगळं एकत्र कालवून मंद आचेवर हलवत राहायचं. कढईच्या कडा सुटून गोळा जमला की उतरवायचं आणि कोमट असताना मळायचं. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मिठामुळे हा गोळा टिकतो आणि त्याच मिठामुळे मूल दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. तरी लक्ष ठेवावंच, एवढं मीठ लहान पोटाला बाधतं. उन्हाळ्यात उघडा राहिला की तडकतो, तेव्हा पाण्याचा हात लावून मळायचा. श्रावणात उलट, मीठ पाणी धरतं आणि गोळा चिकट होतो, मग वर थोडा मैदा भुरभुरवायचा.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी परातीत डोकावून विचारलं, "हाई काय शे?" खाण्याचं पीठ खेळायला, हे त्यांना रुचेना. शेवटी एका अटीवर तह झाला: कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, पीठ मळतात त्या परातीला हात लावायचा नाही. आम्ही जुनं ताट घेतलं.

बाजारातले साचे मी घेतले होते, ते आठवड्याभरात माळ्यावर टाकले. साचा दाबला की मासा तयार, त्यात बोटांना काय काम? खरा उपयोग झाला तो दिसायला अगदी साध्या खेळांचा. गोळ्यात तुरीचे दाणे लपवायचे आणि चिमटीने उकरून काढायचे (तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर नको, दाणा नाकात-घशात जातो). अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये बारीक गोळी फिरवायची. सापाचे कात्रीने तुकडे करायचे. आणि मॅडमची खास युक्ती: करंगळी आणि अनामिका यांच्याखाली कापसाचा बोळा धरायला द्यायचा, तो पडू न देता उरलेल्या तीन बोटांनी काम करायचं. पहिल्यांदा बोळा सारखा गळायचा. मग त्याने स्वतःच त्याला उंदीर म्हणायला सुरुवात केली, आणि उंदीर पळू नये म्हणून ती दोन बोटं आपोआप मिटायला लागली. पेन्सिल धरताना नेमकी हीच दोन बोटं आत दुमडून हाताला टेका देतात.

बसायची जागाही बदलली. पाय लोंबकळत असले की अंग डुगडुगतं आणि बोटांत जोर येत नाही. जमिनीवर मांडी घालून पुढे चौरंग, हे उत्तम.

मऊ गोळा सोपा झाल्यावर मैदा वाढवून तो घट्ट केला. मग शेंगा फोडायचं काम दिलं. भरताचं वांगं भाजून निवलं की साल काढायचं कामही त्याच्याकडेच. पोळ्याला सासूबाईंनी स्वतःहून काळी माती भिजवली, भेगा पडू नयेत म्हणून त्यात भुसा कालवला आणि नातवाला शेजारी बसवलं. त्याच्या बैलाला वशिंड मानेच्या पुढे आलं होतं. "असा बैल ऱ्हास का भो?" (असा बैल असतो का रे?) म्हणत त्या हसल्या, पण पूजेत तोच बैल मांडला. शिंगं मात्र त्याने चिमटीने ओढून टोकदार काढली होती, ती मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिली.

आता बटणं लावतो, फक्त गळ्याजवळचं सोडून. पेन्सिल तीन बोटांत धरतो, दमला की पुन्हा मूठ. बाईंना मॅडमची चिठ्ठी दाखवली, तेव्हा दोन पानांऐवजी चार ओळींवर सुटका झाली. बुटाची नाडी अजून जमत नाही, म्हणून यंदा वेल्क्रोचे बूट घेतलेत.